सीलबंद चकती

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी एक ढिवर, तलावात मासे धरणारा, ठाण्यात आला. ओल्या कपड्यांनी दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, तलावात माणूस हाये. जाळ्यात पाय अडकला त्याचा."

प्रेत गावातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं होतं. आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम आणि फुप्फुसात पाणी निघालं. म्हणजे घाव बसल्यावरही माणूस जिवंत होता आणि तसाच पाण्यात ढकलला गेला होता. खुनाचा गुन्हा दाखल केला.

त्याची बायको म्हणाली, "चकती घेऊन गेले होते साहेब. गिऱ्हाईक येनार हाये म्हने. कोन, ते नाई सांगितलं."

चकती म्हणजे परदेशातल्या जुगारघरात पैशांऐवजी वापरतात तसलं गोल टोकन. मयताचा भाऊ जहाजावर आचारी होता. बंद पडलेल्या एका जुगारघराची ती चकती त्यानं आणली होती. छंदी लोक अशा चकत्या जमवतात. तिकडच्या परीक्षकांनी ती तपासून, दर्जाचा आकडा देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केली होती. घड्याळवाला ती दुकानात येईल त्याला कौतुकानं दाखवायचा. गावात तिची किंमत हजारांवरून लाखांवर गेली. बोलणाऱ्यांपैकी कोणीही अशी चकती पूर्वी पाहिलेली नव्हती.

आम्ही सुरुवातीला बाहेरचं गिऱ्हाईक शोधत बसलो. लॉज पाहिले, बसस्टँडवर विचारपूस केली. या कामात शेजारच्या दुकानातला टेलर आमच्यासोबत फिरत होता. मयताचा लहानपणापासूनचा दोस्त. जनाज्याला खांदाही त्यानं दिला होता. मयताच्या सवयी, येणारी-जाणारी माणसं, सगळं तो न विचारता सांगायचा. मला त्याची कीव येत होती.

मग बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, मातीच्या दुसऱ्याच दिवशी टेलर नागपूरच्या गाडीत बसला. वापस आला तं तोंड उतरून होतं. नातेवाईक तं त्याचा तिथी कोनी नाई."

मी एका जमादाराला नागपूरला पाठवलं. जुनी नाणी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला तो माणूस आठवला. चकती सुटीच आणली होती, कडेला करवतीचा ओरखडा होता. व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, डबी फोडली तिथंच तिचा दर्जा गेला, आता ही कोणी घेणार नाही. टेलरनं विचारलं होतं, "डबी चिकटवून आनली तं?"

टेलरला ताब्यात घेतलं. आधी तो ठाम होता. नागपूरला कापड आणायला गेलो म्हणाला. मी व्यापाऱ्याला त्याच्यासमोर बसवलं. टेलरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

"डबी काऊन फोडली?" मी विचारलं.

"मले वाटलं पॅकिंग हाये साहेब. असली माल आतमंधी हाये."

"आणि दोस्ताला कशाला मारलं?"

"गिऱ्हाईक येनार म्हनून मीच बलावलं त्याले तलावाच्या पारीवर. म्हटलं, मले दे, मी नागपूरले विकून आनतो, अर्धे-अर्धे करू. तो म्हने, विकाची नाई, भावानं देल्ली हाये. नुसती दाखवाले आनली. हासत होता साहेब. तवाच दगड उचलला मी." त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "चकती काढून देतो."

पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं. त्यानं शिलाई मशीनच्या खणातून चकती काढून दिली. फुटलेली डबी डिंकानं चिकटवून त्यानं ती पुन्हा आत ठेवली होती. दगड तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी, सापडला. पुढं जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात टेलरची बायको माझ्यासमोर आली.

"साहेब, ते चकती लाखाची होती म्हन्तेत. खरं हाये का?"

मी खरं ते सांगितलं. बंद होती तोवर थोडीफार किंमत होती, लाखाची कधीच नव्हती. यानं फोडली आणि तेवढीही गेली.

तिनं लगेच विचारलं, "मंग त्यानं मारलं कायले?"

दोषारोपपत्रात हेतूच्या जागी मी 'लोभ' लिहिलं होतं. कोर्टाला ते पुरलं. पण तो माणूस लोभी नव्हता. लोकांच्या उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा तो परत करायचा. आपल्यासारख्याच एका दुकानदाराकडे अचानक गावभर नाव निघेल असं काही आलं, आणि ते रोज भिंतीपलीकडून ऐकणं त्याला सहन झालं नाही. हे मला तपासात कळलं नव्हतं, त्या बाईच्या प्रश्नानंतर कळलं. तोवर ती खाली मान घालून गावाच्या गाडीकडे निघून गेली होती.