आमचे हे आणि त्यांचा पंप

आमचे हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. आयुष्यभर फुंकलंच: आधी सिगारेटी, मग ट्रम्पेट. सिगारेटी सुटल्या, पण छातीचं दुखणं कायमचं मुक्कामाला आलं. जिन्यात अर्ध्यावर टेकायला लागले. वाजवताना शेवटचा लांब सूर तुटायला लागला. बँडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, "महिनाभरात सूर सांभाळा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल." त्या दिवशी यांनी भरलं ताट तसंच बाजूला सारलं. एरवी तोंड बंद असतं का यांचं!

डॉक्टरांनी रोज घ्यायचा पावडरचा पंप, म्हणजे इनहेलर, दिला होता; शिवाय अडीनडीला एक छोटा. हे इमानेइतबारे घ्यायचे, पण दम जागच्या जागी. "नुसतं थोतांड!" म्हणून पंप कपाटावर टाकायला निघाले, तेव्हा मी हाताला धरून दवाखान्यात नेलं. सिस्टर म्हणाली, "काका, कसा घेता, दाखवा बरं." यांनी ऐटीत छाती काढली, गाल फुगवले, पंप ओठांना लावला आणि फूऽऽ! सगळी भुकटी सिस्टरच्या चष्म्यावर.

"अहो, तो ओढायचा असतो, वाजवायचा नसतो!" मी कपाळावर हात मारला. तोंडाला काही लागलं की फुंकायचं, हीच सवय.

सिस्टरनं हसू आवरत शिकवलं. श्वास सोडायचा तो पंपापासून तोंड वळवून. मग पंपाभोवती ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचा आणि जमेल तितका कोंडून धरायचा. "नंतर गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर तोंड येईल. आणि अचानक धाप लागली तर हा नाही, तो दुसरा छोटा पंप."

तोंड आलं तर ट्रम्पेट कसा वाजवणार? हे असले घाबरले की गुळणी कधी चुकली नाही. गुळणीसुद्धा बँडच्या चालीवर! खालच्या वहिनी विचारायच्या, "आज कुठलं गाणं?"

मास्तरांनी दिलेला महिना संपला, त्या परीक्षेच्या दिवशी सकाळचा पंप घेऊन झाला, तरी पुन्हा उचलला. "आज डबल घेतो." मी हिसकावलाच. "मीठ चांगलं म्हणून दुप्पट घालतात का? ठेवा खाली!"

तालमीच्या खोलीत मी मागच्या बाकावर पिशवीचे बंद पिळत बसले. लांब सूर लागला, मध्येच थरथरला. यांनी सूर सोडला, श्वास घेतला, पुन्हा धरला आणि शेवटापर्यंत नेला. पूर्वी असं करायची यांना लाज वाटायची. मास्तर म्हणाले, "एका दमात नाही, पण पुरा केलात. खुर्ची तुमचीच."

घरी येताना हे न टेकता जिना चढले. वर पोचून म्हणतात कसे, "बरा झालो. आता पंप पुरे!"

"बरे आहात ते त्याच्यामुळेच! शेफारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी. न्हाणीघरात सामसूम. माझं डोकं तापायला लागलं. तेवढ्यात गुळणी सुरू झाली: तोच शेवटचा लांब सूर. लांबला, आणखी लांबला. मध्ये श्वास नाही. खालून वहिनी ओरडल्या, "वा काका!"

मला रडूच फुटलं.

"थुंका आता!" मी ओरडले. "गिळाल नाहीतर!"