प्रेमा घाडीचा डावा गुडघा

पंच्याऐंशी सालचे गणपती आटोपून प्रेमा घाडी गावाहून नाहूरला परत आली आणि चौथ्याच दिवशी पहाटे धावताना तिच्या डाव्या गुडघ्याला बाहेरच्या अंगाने काहीतरी टोचलं. ती थांबली, गुडघा चोळला, चार पावलं चालली. दुखणं गायब. पुन्हा धावायला लागली तर पुन्हा तेच. घरी येईपर्यंत हा खेळ चालला होता.

जागा जेमतेम दोन बोटांएवढी. चाललं तर दुखत नसे. मुलुंडच्या औषध कंपनीत ती पॅकिंगला होती; आठ तास सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून खोकी भरली तरी गुडघा चकार शब्द काढत नसे. जिना उतरताना थोडी कुरकुर आणि धावायला लागल्यावर वीसेक मिनिटांनी सुरी. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तिला तो गुडघा हवा होता, त्याच गोष्टीला त्याचा नकार होता.

प्रेमा तेव्हा चौतीस वर्षांची होती. धावण्याचा नाद तिला उशिरा लागला. कंपनीच्या स्पोर्ट्‌समध्ये पॅकिंगच्या बायका संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा खेळायच्या. एका वर्षी आठशे मीटरला कोणी नाव देईना म्हणून सुपरवायझरने हिचं लिहिलं. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या मागे होती. दुसऱ्या फेरीत एकेक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ही आपली त्याच चालीने पुढे. शर्यत संपली तरी हिला थांबावंसं वाटेना. कंपनीच्या सिक्युरिटीत भाऊराव म्हणून एक माजी फौजी होते. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुला स्पीड नाही. पण दम आहे. दम शिकवता येत नाही."

तेव्हापासून चार वर्षं ती पहाटे साडेचारला उठत होती. नवऱ्याचा, जयवंतचा, जुना टी-शर्ट, खाली सलवार, पायात कॅनव्हासचे बूट. रूळ ओलांडून हायवेला लागायचं, मिठागरांचा वास घेत धावायचं आणि साडेसहाला घरी येऊन स्टोव्ह पेटवायचा. चाळीतल्या लोकांनी आधी तोंडावर हात ठेवला, मग काढला. सासू पार्वतीबाईंनी मात्र कधीच काढला नाही. लालबागहून नाहूरला येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी बोली मालवणचीच राहिली होती. "कोणाच्या पाठसून धावतंस गो तू?" त्या दर आठवड्याला विचारायच्या. "कोणाक पकडूचा हा तुका?"

पकडायचं होतं ते बेचाळीस किलोमीटरना. शहरातली मोठी मॅरेथॉन जानेवारीत होती. कंपनीच्या स्पोर्ट्‌स क्लबतर्फे एकच बाई पाठवायची असं ठरलं होतं आणि त्यासाठी डिसेंबरातली हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, दोन तास वीस मिनिटांच्या आत पुरी करायची अट होती. धावणाऱ्या बायका दोनच, प्रेमा आणि तिच्याच पट्ट्यावरची कुंदा. कुंदा चोवीस वर्षांची, प्रेमाच्याच नादाने धावायला लागलेली. चढाओढ अशी नव्हतीच. प्रेमा उन्हाळ्यात चोवीस किलोमीटर धावून आली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

आणि मध्येच हा गुडघा.

पुढचे अडीच महिने ज्याला तोंड होतं त्याने उपाय सांगितला. नाक्यावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट जळलं, गुडघा तसाच. भांडुपच्या हाडवैद्याने पाय असा ओढला की चार दिवस कंबरही दुखली. पार्वतीबाईंनी निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला गरम करून बांधला. भाऊराव म्हणाले, दुखण्यावरूनच धाव, आपोआप मरतं. फौजेत असंच करतात. प्रेमाने तेही केलं. चार दिवस विश्रांती घेतली की पाचव्या दिवशी पाय हलका फुल व्हायचा, तिला वाटायचं सुटले एकदाची, आणि बरोबर विसाव्या मिनिटाला सुरी. मग ती हायवेच्या कडेला उभी राहून स्वतःच्या गुडघ्याला अशा शिव्या द्यायची की बाजूने जाणारा दूधवाला सायकल हळू करून बघायचा.

जयवंत गिरणी सुटल्यापासून घाटकोपरला एका इमारतीत लिफ्टवर होता. माणूस गरीब स्वभावाचा. एकदा मात्र जेवताना ताट बाजूला सारून तो म्हणाला, "उद्या उभंच राहता नाही आलं तर कंपनी ठेवेल का तुला? माझं एकदा झालंय. मला माहितीये गेट बंद झाल्यावर कसं वाटतं ते."

"उभं राहता येतंय मला. धावता येत नाही."

"मग नको धावू."

इतकं सरळ होतं ते, आणि इतकं अशक्य.

नोव्हेंबर संपता संपता ती पालिकेच्या इस्पितळात गेली. तिथे व्यायामोपचाराच्या विभागात उत्तरा कर्णिक म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, आणि मग आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"धावता कुठे?"

"हायवेला."

"कुठच्या बाजूने?"

"डाव्या. जाताना डावी कड, येताना पलीकडे जाऊन पुन्हा डावी कड. शाळेत शिकवतात ना, रस्त्याच्या डाव्या बाजूने."

उत्तराबाईंनी टेबलावरची वही उचलून जराशी तिरकी धरली आणि तिच्यावर दोन बोटं चालवली. "पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. तुमचा डावा पाय चार वर्षं खड्ड्यात पडल्यासारखा पडतोय. मांडीच्या बाहेरून एक पट्टा गुडघ्यापर्यंत येतो, तो प्रत्येक पावलाला हाडावर घासतो."

प्रेमा त्या दोन बोटांकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. सहा आठवडे धावणं बंद, मी सांगते ते व्यायाम करा, आणि मग सपाट मैदानावर थोडं थोडं सुरू करा. पूर्ण बरा होईल."

सहा आठवड्यांनी मॅरेथॉनच होती. हाफ तर तीन आठवड्यांवर.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. रडू आलं नाही, संताप आला. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाचं वाईट चिंतलं नाही. शाळेत शिकवलेला रस्त्याचा नियम तेवढा पाळला, आणि नेमकी त्याचीच शिक्षा! कोणी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर फुकटचा उपाय होता, नुसती बाजू बदलायची. बरं, हे आताच कळायचं होतं तर कळलंच कशाला?

तिने घरी काहीच सांगितलं नाही. व्यायाम केले, तीन आठवडे एक पाऊल धावली नाही, आणि पंधरा डिसेंबरला, रविवारी, गुडघ्याला क्रेपची पट्टी बांधून मुलुंडच्या मैदानात उभी राहिली. तिने मनाशी हिशोब केला होता. रस्त्याच्या मधोमध धावायचं. तिथे सपाट असतं.

शर्यत मुलुंडहून निघून हायवेने चेंबूरला जायची होती. दीडेकशे पुरुष आणि अकरा बायका. सुरुवातीला कुंदा तिच्या शेजारीच होती. थंडी छान पडली होती, मिठागरांवर धुकं होतं आणि तीन आठवडे बांधून ठेवल्यासारखा झालेला प्रेमाचा दम आता नुसता उसळत होता. भांडुप गेलं. कांजूर गेलं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. गुडघा गप्प.

"दुखतंय?" कुंदाने विचारलं.

"नाव काढू नको त्याचं."

विक्रोळीच्या अलीकडे एका स्वयंसेवकाने शिट्टी मारली. "ओ ताई, कडेने! कडेने चला! ट्रक येतायत मागून!"

वाहतूक बंद केलेली नव्हती. एक बाजू दोरी लावून राखली होती, ती डावी कड. प्रेमा कडेला गेली, माणूस मागे पडताच मध्ये आली. पुढे दुसरा उभा होता. त्याचीही शिट्टी. तिसऱ्याने तर दंडाला धरून तिला दोरीच्या आत केलं. "जीव नको झालाय काय?"

"अहो, तिथे उतार आहे!" ती ओरडली.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. त्याला रस्ता सपाटच दिसला.

बाराव्या किलोमीटरला सुरी लागली. आधी हलकी, मग प्रत्येक पावलाला. कुंदाने तिच्या तोंडाकडे पाहून वेग कमी केला.

"तू जा."

"थांबते ना थोडं, यार. एकत्र जाऊ."

"जा म्हणते ना! दोन वीसच्या आत पोचायचंय तुला. माझ्यासाठी थांबलीस तर पट्ट्यावर तोंड बघणार नाही तुझं."

कुंदा गेली. तिची लाल रिबीन वळणावर दिसेनाशी होईपर्यंत प्रेमा लंगडत धावली, मग चालायला लागली. चाललं की दुखणं नाही. शंभर पावलं चालायची, धावून बघायची, दहाव्या पावलाला सुरी. पुन्हा चालायचं. छाती शांत होती, पोटऱ्या ताज्या होत्या, घामसुद्धा धड आला नव्हता. दमून हरली असती तर तिने मान खाली घातली असती. इथे अंगात अजून दहा मैलांची ताकद शिल्लक होती आणि ती दोन बोटांच्या जागेवर अडून बसली होती. तिच्यामागून एक पोट सुटलेला गृहस्थ धापा टाकत आला आणि पुढे निघून गेला. ते तिला फार लागलं.

घाटकोपरच्या पुढे मागून जीप आली. आत चार-पाच जण पाय पसरून बसले होते. "बसा ताई, सोडतो चेंबूरला."

"नको."

"अहो, मागे कोणी नाही आता."

"माहितीये मला. नको म्हटलं ना."

जीप काही वेळ तिच्या बाजूने हळूहळू चालली, तेही तिला सोसवेना. शेवटी ड्रायव्हरला कंटाळा आला. चेंबूर जवळ आलं तसा वारा फिरला आणि देवनारच्या कचऱ्याचा धूर नाकात गेला. ऊन चढलं होतं. दोरी गुंडाळत जाणारी माणसं तिच्याही पुढे गेली.

मैदानात पोचली तेव्हा कापडी फलक अर्धा सोडलेला होता. वेळ लिहिणारा माणूस टेबलावर वडापाव खात होता.

"तुम्ही पण आहात काय शर्यतीत?"

"दिसत नाही नंबर?" तिने छातीवरचा कागद पुढे धरला. "लिहा वेळ."

"आता काय लिहायचं, बाई. बक्षिसं वाटून झाली."

"बक्षीस मागितलं मी? वेळ लिहा."

त्याने हात पुसले आणि लिहिलं. दोन तास चोपन्न मिनिटं. कुंदा दोन अकराला आली होती. झाडाखाली प्रेमाची वाट पाहत बसली होती, आणि आता पाण्याची बाटली पुढे करत होती.

मंगळवारी कंपनीच्या फलकावर नाव लागलं ते प्रेमाचंच. भाऊरावांनी क्लबच्या लोकांना सांगितलं होतं, त्या दिवशी तिचा पाय मुरगळला, एरवी हीच खरी धावणारी आहे. प्रेमाने ते नाव तीनदा वाचलं. कुंदा तक्रारीचा शब्द बोलली नाही, त्याचा तिला जास्तच राग आला. गुरुवारी पहाटे ती शाळेच्या मैदानात गेली. सपाट, मऊ माती. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला, सपाट मातीवरसुद्धा, सुरी लागली.

त्याच सकाळी गेटवर तिने भाऊरावांना गाठलं. "माझं नाव काढा. कुंदाचं लिहा."

"अजून पंधरा दिवस आहेत, बाई. बघू की."

"बघून झालं. बेचाळीस मी चालत जाणार आहे का?"

भाऊरावांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस."

"घेणार. तेवढं तरी घेऊ द्या मला."

मॅरेथॉनच्या रविवारी ती बघायला गेली नाही. जयवंतने एकदा विचारून पाहिलं, मग तो विषय त्याने सोडला. तिने बाजारातून बांगडे आणले आणि शाळकरी मुलगी धरून चार माणसांच्या घरात दहा जणांचं तिखलं केलं. पार्वतीबाई सुनेच्या पाट्यावरवंट्याचा आवाज ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी कोणाच्या मागे धावतेस असं विचारलं नाही. "बस गो जरा," एवढंच म्हणाल्या, आणि नारळ स्वतःकडे ओढून घेतला.

सोमवारी कुंदा पट्ट्यावर आली ती पाय फाकवून चालत. चार तास एकोणचाळीस मिनिटं. तिने एप्रनच्या खिशातून पदक अर्धवट काढलं.

"आत ठेव," प्रेमा म्हणाली. "मला आत्ता नको दाखवू."

कुंदाने ते ठेवलं. पट्टा सुरू झाला. दोघी शेजारी शेजारी खोकी भरत राहिल्या. पन्नासेक खोकी झाली असतील, तेव्हा प्रेमाने मान वर न करता विचारलं, "पंचविसाच्या पुढे काय होतं गं?"

"वाट लागते. काय होणार?"

"नीट सांग. पंचविसाला काय झालं, तिसाला काय झालं. कुठे पाणी प्यालीस, कुठे रडलीस. सगळं सांग."

"तुला राग नाही ना येणार?"

"येणार. सांग तू."

आणि कुंदा सांगायला लागली.

गुडघा एप्रिलात बरा झाला, अगदी उत्तराबाई म्हणाल्या तसा. प्रेमा पुढे सहा-सात हाफ मॅरेथॉन धावली, एकदा दोन तास चारपर्यंत आली. पण पुढच्या वर्षी कंपनीने स्पोर्ट्‌स क्लब बंद केला, त्याच्या पुढच्या वर्षी सासू अंथरुणाला खिळली, मग मुलीची दहावी आली. बेचाळीस किलोमीटर ती कधीच धावली नाही. त्यामुळे काही अडलं नाही, असं लोक तिला समजुतीने सांगत. अडलं होतं, असं ती स्पष्ट सांगे.