खूण द्या हो, खूण!

विटेवर समचरण उभ्या असलेल्या, स्वतः एक शब्दही न बोलता साऱ्या जगाचे ऐकून घेणाऱ्या त्या सावळ्या मायबापाला प्रथम दंडवत. मग तुम्हां श्रोत्यांना.

किस्से हे निर्माल्यासारखे असतात. रोज एक-एक फूल उतरते, तेव्हा काही वाटत नाही. एके दिवशी पाहावे तर टोपली भरून वाहत असते. ते कुठेतरी सोडावेच लागते. आज तुमच्यासमोर सोडते.

साध्या शाळेतून मी सेवानिवृत्त झाले आणि सेलूच्या एका निवासी कर्णबधिर शाळेत सकाळची प्रार्थना घेऊ लागले. मुलांचा लळा लागला. म्हटले, वर्गावरही जाईन. संस्थेचे सचिव नम्रपणे म्हणाले, “बाई, तुमच्या अनुभवाला नमस्कार! पण विशेष शिक्षणाची पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय वर्ग देता येत नाही.”

झाले! ज्या वयात बायका नातवंडांचे अभ्यास घेतात, त्या वयात मी परभणीच्या महाविद्यालयात विशेष बी.एड.ला नाव घातले.

पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकले, तो सारी मुले-मुली ताडकन उभी राहिली. मीही सवयीने “बसा” म्हटले, खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले. प्रार्थना दोन कडवी पुढे गेली असेल, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितले,

“बाई, तुमी उठा आता. मॅडम आल्यात!”

ही शीतल. पिंगळीची. माझ्या मत्सराची अधिष्ठात्री देवता!

•

आता मत्सराचे सांगते. सहा रिपूंपैकी पाच माझ्या वयाला कंटाळून आपणहून निघून गेले. हा सहावा मात्र घरजावयासारखा ठाण मांडून बसला आहे, आणि त्याला कारण एक खूण आहे.

कर्णबधिर मुले आपल्याला नावाने हाक मारीत नाहीत. ती प्रत्येकाला एक खूण देतात. ती खूण म्हणजेच त्या माणसाचे नाव. या नामकरणाचे नियम मोठे कडक! खूण मागायची नाही. आपली आपण ठरवायची नाही. आणि एखाद्याला काय खूण मिळाली, हे तिसऱ्याने जाऊन चहाडीसारखे सांगायचे नाही. मुलेच एके दिवशी समोर येऊन सांगतात. ज्याला खूण नाही, तो त्यांच्या लेखी नुसता पाहुणा.

आमचा सराव पाठ याच सेलूच्या शाळेत लागला. पहिल्याच दिवशी, डबा खायच्या सुट्टीत, पाथरीची सानिया नावाची चिमुरडी शीतलसमोर उभी राहिली आणि तिने गालावर बोट टेकवून ते गर्रकन फिरवले. शीतलच्या गालाला खळी पडते. झाले बारसे!

दुसऱ्या दिवशी केशवचे झाले. केशव हा आमच्या तुकडीतला शेतकऱ्याचा पोरगा, मिशीला सतत पीळ देणारा. त्याला मिशी मिळाली.

मी त्या मुलांच्या प्रार्थनेला गेले वर्षभर उभी राहत होते. मला काय मिळाले? पाहुणीला देतात ती नुसती खिचडीची वाटी!

•

मागायचे नाही हे खरे. पण सुचवायला काय हरकत आहे? मी कपाळावरचा बुक्का दुपटीने मोठा लावू लागले. इतका ठळक, की मुलांनी निदान कपाळाला बोट तरी लावावे.

चौथ्या दिवशी सानियाने खरोखरच कपाळाला बोट लावले! माझा जीव सुपाएवढा झाला. मी शीतलला विचारले, “काय गं म्हणतेय ती?”

शीतल म्हणाली, “ती इचारायलीय, मारोतीमामा कुठं गेले?”

मारोतीमामा म्हणजे शाळेचे शिपाई. ते माझ्याहून मोठा बुक्का लावतात आणि माझ्या आधीपासून लावतात. त्या दिवसापासून मी शिपायाचाही मत्सर करू लागले.

•

पहिला पाठ मी कवितेचा घेतला. आमच्या भजनी मंडळात माझ्या आवाजाला मान आहे. म्हटले, आज दाखवूच. तोंड फळ्याकडे, पाठ मुलांकडे, आणि चाल अशी लावली की बाहेर मारोतीमामा झाडू टेकून उभे राहिले. शेवटच्या ओळीला माझे स्वतःचे डोळे पाणावले.

वळून पाहिले. मुले शांत. आमच्या मार्गदर्शक जाधव मॅडम त्याहून शांत. मग त्या म्हणाल्या, “बाई, आवाज फार गोड आहे. कोणासाठी लावला होता?”

पुढचा पाठ शीतलचा होता. कविता तीच. तिने तोंडातून एक सूर काढला नाही. नुसती बोटे हलवली, तर पाऊस पडला, चिमणी उडाली, आणि शेवटच्या ओळीला मुलांचे डोळे पाणावले. देवाने एकाच पोरीला खळी द्यावी आणि हातही द्यावेत, हा कुठला न्याय?

•

माझी एक जुनी खोड आहे. प्रश्न विचारला आणि उत्तर येईना, की माझे दोन्ही हात आपोआप कमरेवर जातात. साध्या शाळेत या पवित्र्याला पोरे चळाचळा कापत. इथे जाधव मॅडमनी भर पाठात थांबवले.

“बाई, हात खाली. इथे हात कमरेवर ठेवणे म्हणजे तोंडावर हात ठेवणे! हातच बोलायचे आहेत तुमचे.”

मी म्हटले, “मॅडम, वयोमानाने कंबर धरते.”

“कंबर धरू द्या. तुम्ही तिला धरू नका!”

मागे सगळी तुकडी हसली. त्याच दिवशी सुट्टीत सानिया व्हरांड्यात ऐटीत कमरेवर हात ठेवून उभी होती आणि दुसरीला काहीतरी सांगत होती. मॅडमचा राग मी तिच्यावर काढला. तिचे हात खाली ओढले आणि खुणेने दटावले, नीट उभी राहा! शीतल ओढणी तोंडाला लावून हसली. हसताना तिला ती खळी पडतेच. डोळ्यांत सलते हो!

•

एकदा प्रार्थनेच्या वेळी कुणीतरी बारीक शीळ घालू लागले. प्रार्थनेत शीळ! मी डोळे उघडले, सरळ केशवसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटले, “लाज नाही वाटत? एवढ्या मोठ्या मिशा घेऊन देवासमोर शीळ घालतोस?”

केशव कळवळला. “मी न्हाई हो बाई! आईची आन! माह्या तोंडात गूळ-शेंगदाणे हायत!”

हे आणखी एक पाप. पण शीळ चालूच. शीतल पुढे झाली, तिने एका मुलाच्या कानातले श्रवणयंत्र काढले, त्याचा कानात बसणारा, सैल होऊन शीळ घालणारा साचा नीट बसवला. शीळ बंद!

त्या मुलाची आई त्या दिवशी भेटायला आली होती. तिने शीतलच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. मग माझ्याकडे वळून आदराने विचारले, “आन् तुमी कोन हाव, आजी?”

हाच तर प्रश्न होता, बाई! तेच तर कुणी सांगत नव्हते!

•

सराव पाठांचे शेवटचे दिवस आले. पदवी मिळेल याची मला खात्री होती. अभ्यासात मी कच्ची नाही. पण बिनखुणेची पदवी घेऊन त्या वर्गात काय तोंड दाखवू? एके सकाळी पूजेला बसले असता मनातले ओठांवर आले. “पांडुरंगा, मला एक खूण दे. ते जमत नसेल, तर निदान शीतलची तरी काढून घे!”

शाळेत पोहोचते तो काय! मोठ्या मुलींच्या वर्गाने शीतलला आणखी एक खूण बहाल केलेली. मी शाळेच्या देवघरात गेले आणि त्याच्याकडे न पाहता उदबत्ती लावली.

•

आणि मग अंतिम पाठ. बाहेरगावचे परीक्षक आलेले. विषय ‘आपल्या गावातील ठिकाणे’. मी मोठी रंगीत चित्रे तयार केली होती. चित्र दाखवायचे, मुलांनी खुणेने ओळखायचे, मग मी फळ्यावर शब्द लिहायचा. चित्रे धरायला शीतल, कारण मला हात मोकळे हवे होते. पहाटेपासून एकच जप करीत होते, हात कमरेवर नाही, हात कमरेवर नाही.

बस स्टँडचे चित्र आले. मुलांनी गच्च भरलेली बस करून दाखवली. रेल्वे स्टेशन आले. रूळ, डबे, हिरवा झेंडा. कापूस बाजार आला. एकाने तर शिंकूनही दाखवले. परीक्षक मान डोलावत होते.

चौथे चित्र देवळाचे. गाभारा मी स्वतः रंगवला होता, आत सावळी मूर्ती, गळ्यात तुळशीची माळ. सगळ्यांत सोपे म्हणून शेवटी ठेवलेले.

मी विचारले, “हे कोण?”

मुले चित्राकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा चित्राकडे. उत्तर येईना. परीक्षकांनी पेन उचलले.

पहिल्या बाकावर सानिया उठली. असे देऊळ तिने आतून कधी पाहिलेले नसावे. तिने चित्राजवळ येऊन ते नीट निरखले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मग बोट केले ते थेट माझ्याकडे! मागोमाग अख्खा वर्ग उठला. साऱ्यांचे हात कमरेवर, साऱ्यांची बोटे माझ्याकडे!

परीक्षकांनी शीतलला विचारले, “काय म्हणतात मुलं?”

शीतल लाल झाली. तिने माझ्याकडे पाहिले. सांगायचे नाही हा नियम. पण विचारणारा परीक्षक!

“सांग,” मी म्हटले.

“सर, ही बाईंची खूण हाय. पयल्या हप्त्यापासूनची. आन् सानिया इचारायलीय...”

“काय विचारतेय?”

“की आमच्या बाईंचा फोटू ह्या देवळात कुनी लावला?”

परीक्षकांनी एकदा चित्राकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझे दोन्ही हात तेव्हा कुठे होते, ते मी सांगत नाही.

•

श्रोते हो, तुमच्या घरातला दिवा तेवत राहो. ऐकणाऱ्यांचे कान आणि न ऐकणाऱ्यांचे डोळे सदा सुखाने भरलेले राहोत. तुमच्या उंबऱ्यावर कुणीही पाहुणा म्हणून उभा न राहो. लेकीबाळी, म्हातारी माणसे, सगळ्यांचे कल्याण होवो.

आणि शीतलचेही होवो. तिच्या दोन्ही खुणांसकट.