शेवटच्या भागाचा पहारेकरी

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अतिशय उत्तम झालं. पुढं जे वाटोळं झालं त्यात डॉक्टरांचा काडीचाही दोष नाही; ते सगळं मी केलं.

माझे सासरे म्हणजे आमचे मामा. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि थेट अंतराळात गेले. टीव्हीवर 'दूरचा उंबरा' नावाची मालिका लागायची. तीन पर्वं, वर्षाला एक. एक यान पृथ्वीवरून निघालेलं, त्यात कॅप्टन रणजित आणि बाकीची मंडळी, आणि कुणीतरी फितूर रोज थोडं थोडं इंधन चोरतोय. फितूर कोण आणि यान घरी परत येणार का, या दोन प्रश्नांवर मामा तीन वर्षं जगत होते. (मामी म्हणायच्या, "लेकीच्या लग्नात एवढा घोर न्हवता लागला ह्यास्नी!")

दर शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझी बायको कळंब्याहून राजारामपुरीत त्यांच्या घरी जायचो. मामा दिवा मालवायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसायचो. आता खरं सांगतो. मला त्या मालिकेतलं काहीही कळत नव्हतं. पहिल्याच भागात सगळ्यांनी एकसारखे पांढरे पोशाख आणि डोक्यावर हेल्मेट घातली, तिथंच माझा धागा सुटला. मी मांडीआड मोबाइल धरून क्रिकेट बघायचो. मामांनी मांडीवर थाप मारली की मी म्हणायचो, "काय भारी दाखवलंय!" बस्स. एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या नजरेत मोठा रसिक ठरलो होतो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मामांनी माझं कौतुक केलं ते एवढ्या एकाच बाबतीत, त्यामुळं सत्य सांगायची मला काही घाई नव्हती.

आणि नेमकं शेवटच्या भागाच्या दिवशीच ऑपरेशन ठरलं. मामा तारीख बदला म्हणून हटून बसले.

"त्या यानापायी डोळा घालवतासा व्हय?" मामी कडाडल्या. "जावा की गुमान!"

दुसऱ्या डोळ्यानं बघावं, तर त्याला नुसता उजेड आणि अंधार समजायचा. डॉक्टरांनी तंबी दिलेली, की पट्टी निघेपर्यंत टीव्ही नाही. शेवटी तह झाला. पट्टी निघाल्यावर रविवारी फेरप्रक्षेपणात मामा शेवटचा भाग बघणार आणि तोवर त्यांच्या कानावर एक अक्षर पडू द्यायचं नाही.

"पण ही जबाबदारी घेणार कोण?" मामांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "आमचं पावणं! पोरानं तीन वर्षांत एक भाग चुकवला न्हाय!"

पावणं म्हणजे जावई, म्हणजे मी. माझी छाती फुगली. मी रजा टाकली आणि शनिवारी सकाळी मामांच्या दारात खुर्ची टाकून बसलो. ज्या शेवटाचा पहारा करायचा तो काय आहे, हे मला स्वतःला माहीत नव्हतं, ही गोष्ट मी किरकोळ समजत होतो.

कोल्हापुरात माणूस आजारी पडला की त्याला विश्रांती मिळत नाही, पाहुणे मिळतात. पहिल्यांदा आले ते मामांचे दोन जिगरी दोस्त. एक भोसले सर, निवृत्त विज्ञान शिक्षक, आणि दुसरे हिंदुराव, म्हशींचा गोठा असलेले. तिघंही रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचे आणि फिरणं सोडून त्या मालिकेवर भांडायचे. दोघांनी शेवटचा भाग आदल्या रात्री बघितलेला. हिंदुरावांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं, की माणूस तोंडात गरम भजी धरून उभा आहे.

मी दारातच दोघांकडून अंबाबाईची शपथ घेतली आणि मगच आत सोडलं.

"कसं हाईसा हिंदुराव?" डोळ्याला पट्टी बांधलेल्या मामांनी विचारलं.

"बराय की." आणि हिंदुरावांनी मोठा उसासा टाकला.

मामा ताडकन उठून बसले. "उसासा का टाकलासा?"

"म्हस आजारी हाय."

"खोटं! म्हस आजारी असती तर तुमी हितं आलाच नसतासा! यान पडलं काय?"

"न्हाय, न्हाय!"

"म्हंजे न्हाय पडलं! पावणं, ह्येनं सांगितलं की वो! फोडलं ह्येनं!"

मी धावत मध्ये पडलो. भोसले सर सावरायला गेले, "तसं न्हाय, रामभाऊ, पडलं न्हाय असं कुठं म्हटलं..." तर मामा कपाळावर हात मारून ओरडले, "म्हंजे पडलं!"

मग मी नियम कडक केला. या खोलीत कुणी 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही' पण म्हणायचं नाही. पुन्हा शपथ झाली. (माझ्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.) तेवढ्यात मामी आल्या.

"चा घेनार काय?"

दोघंही गप्प.

"अवो, चा पायजे का नको?"

भोसले सरांनी हात जोडले. हिंदुरावांनी छताकडं बघितलं.

"ह्येंचंबी डोळं तपासून घ्या," म्हणत मामी आत गेल्या.

असं दहा मिनिटं चाललं. मामा गप्प, दोस्त गप्प. हिंदुराव लालबुंद झाले. शेवटी ते माझ्या कानात म्हणाले, "पावणं, आता न्हाय धरवत. भाईर कुठंतरी बोलू द्या, न्हायतर माझंच ऑपरेशन करायला लागंल."

मला दया आली. मी दोघांना गच्चीवर नेलं. "हितं बोला, पण कुजबुजत." आता कोल्हापुरी कुजबूज ही शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत आरामात जाते, हे मला, जन्मानं कोल्हापूरकराला, कळायला हवं होतं. शिवाय गच्ची बरोबर मामांच्या खिडकीवर.

"फसवलं!" भोसले सरांनी सुरुवातच तारसप्तकात केली. "तीन वर्षं फसवलं!"

"काय फसवलं? मला तर लई आवडलं!" हिंदुराव त्यांच्या वर.

मी धडधड जिना उतरून स्वयंपाकघरात गेलो. "मामी, मिक्सर लावा!"

"कशाला?"

"आवाजाला!"

"मिरच्या घालू? चटणी करायचीच हाय."

"मिरच्या नको! मामा शिंकले तर टाके जातील!"

मामींनी माझ्याकडं दोन क्षण बघितलं, मनात लेकीची कीव केली असावी, आणि शेंगदाणे घालून मिक्सर सुरू केला. मी पुन्हा गच्चीवर. खाली मिक्सर घरघरतोय म्हटल्यावर दोघांना चेव चढला. मिक्सरच्या वर ते ओरडायला लागले, त्यांच्यामुळं मामींनी मिक्सरचा वेग वाढवला. आठवड्याचा कूट झाला, मग महिन्याचा झाला, आणि वर यांचं काही संपेना! दोघं एकाच वेळी बोलत होते आणि माझ्या कानावर तुकडे पडत होते. "...सगळे जागेवरच..." "...भाईर त्यो वॉचमन..." "...रणजित ढसाढसा रडला..." "...त्या वेदाला पहिल्यापास्नं ठाऊक हुतं..." "...आन् ती गप!..."

आता, वेदा ही मला माहीत होती. म्हणजे असं मला वाटायचं. रणजित मालिकेत सारखा "वेदा, दार उघड", "वेदा, चहा आण" करायचा, त्यामुळं ती त्याची बायको हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. सगळा उलगडा मला एकदम झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या मालिकेतलं काहीतरी समजलं! त्या आनंदात मी जीव खाऊन ओरडलो, आणि त्याच क्षणी वीज गेली. मिक्सर थांबला. दोघं दचकून गप्प झाले. आणि अख्ख्या राजारामपुरीच्या शांततेत माझा एकट्याचा आवाज घुमला,

"म्हणजे रणजितच्या बायकोनं, त्या वेदानंच, नवऱ्याला फसवलं?"

समोरच्या गच्चीवरच्या बाईंच्या हातातून वाळत घालायची चादर पडली. भोसले सर आणि हिंदुराव माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मी खाली धावलो. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ज्या माणसानं तीन वर्षं एका गोष्टीची वाट बघितली, तिची माती मी केली होती. आणि तीही त्यांनी विश्वासानं दिलेल्या कामात. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

पण मी हार मानणारा गडी नाही. (मानली असती तर बरं झालं असतं!) मी त्यांच्या उशाशी बसलो. "मामा, ते खरं न्हाय. मी मुद्दाम ओरडलो. तुमची दिशाभूल करायला."

खांदे आणखी जोरात हलले.

"शपथ! खरा शेवट तर येगळाच हाय," मी म्हणालो, आणि आता काहीतरी इतकं अशक्य सांगावं की मामांचा माझ्या एकाही शब्दावर विश्वास राहू नये, असं ठरवून ठोकून दिलं, "मामा, त्ये यान उडालंच न्हवतं!"

मागं हिंदुरावांना ठसका लागला.

मला हुरूप आला. "पहिल्या दिवसापास्नं सगळी जागेवरच! एका शेडमध्ये! यानाचं दार उघडतं, तर भाईर वॉचमन चा पीत बसलेला!"

भोसले सरांनी माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. मला वाटलं, वा, सरांनी दाद दिली! मी आणखी रंगवलं. सर दोन्ही हातांनी खुणा करत होते, पण तोंडातून शब्द काढेनात, कारण 'हो' आणि 'नाही' दोन्ही मी बंद केलेलं. शपथ अंबाबाईची. मोडणार कोण?

मामा मात्र कूस बदलून म्हणाले, "बरं, बरं. झोपू द्या आता." आवाजात राग नव्हता, उलट ते चक्क हसल्यासारखे वाटले. संकट टळलं म्हणून मी मामींनी आणलेल्या बशीभर शेंगदाण्याच्या कुटावर गूळ घालून खाल्ला.

रविवारी पट्टी निघाली. सगळं घर जमलं, दोस्त आले, दिवा मालवला. मामा नव्या डोळ्यानं पडद्याकडं बघत होते आणि मीही मोबाइल बाजूला ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण भाग बघत होतो. तेव्हा पडद्यावर एक चार चाकांचा डबा घरंगळत आला आणि रणजित त्याला म्हणाला, "वेदा, चहा आण."

मी थिजलो. वेदा यंत्रमानव होती!

आणि शेवटी यानाचं दार उघडलं. बाहेर शेड होती. शेडच्या दारात वॉचमन चहा पीत बसला होता.

मामांनी पडद्याकडं बघणं सोडलं आणि सावकाश मान वळवून तो नवाकोरा डोळा माझ्यावर लावला.

"पावणं, ह्ये तुमीच सांगितलासा की मला."

"मामा, मला वाटलं ते मी रचलंय..."

"तुमी वेदाला रणजितची बायकू केलासा, तवाच मी वळखलं, की ह्या माणसाला कायबी ठाऊक न्हाय. हसून हसून माझी पट्टी सुटायला आलती! म्हटलं, आपला शेवट शाबूत हाय, पावणं काय वाट्टेल ते बडबडू दे." त्यांचा आवाज खाली आला. "फुडचं मी खरं धरलं न्हाय. पण आज सारखं तेच आठवत हुतं बघा. दार उघडायच्या आधीच मला तो वॉचमन दिसाय लागला."

"चुकलो मामा."

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"यान उडालं न्हवतं, ते एक वेळ चालंल मला. पण पावणं, तीन वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलासा, आन् यानात चढलाच न्हाईसा की वो!"

हिंदुराव खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसले. माझी बायकोही हसली, त्याचं जास्त लागलं.

आता नवी मालिका सुरू झालीय. दर शुक्रवारी मामा माझा मोबाइल दारातच काढून घेतात, मला पहिल्या रांगेत बसवतात आणि भाग संपला की सगळ्यांसमोर माझी तोंडी परीक्षा घेतात. परवा मी जीव तोडून उत्तरं दिली आणि साफ नापास झालो. माझ्या सगळ्या चुका मामींनी दुरुस्त केल्या, त्यासुद्धा आतून, भाकरी थापता थापता, एकदाही टीव्हीकडं न बघता!