वहिनीच्या टोमॅटोवरचे ठिपके

चिकटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ठेवलं वहिनीने. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा तिने धाकट्या दिराला सहज विचारलं, "भाऊजी, तुम्ही त्या प्रयोगशाळेत दिवसभर करता तरी काय?" झालं, स्वारी खुलली. पिकावर रोग पाडणारे जंतू पानाला कसे चिकटतात, त्यांना केसाहून बारीक तंतू कसे असतात, पान नळाखाली धरलं तरी ते पानावरच्या बारीक लवेच्या मुळाशी कसे ठाण मांडून बसतात, हे सारं ताटातलं अन्न निवेपर्यंत चाललं. वहिनी म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखेच. बसले की उठायचं नाव नाही."

नाव इमारतभर झालं आणि खरं सांगायचं तर चिकटरावांना ते आवडलंही. कुणाच्या झाडाचं पान पिवळं पडलं की ते त्यांच्याकडे यायचं. मग ते पान उजेडाला धरायचे, "हं" म्हणायचे आणि निकाल द्यायचे.

वहिनीच्या गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या होत्या. बरोबर त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, निवृत्त मास्तरीणबाईंचे टोमॅटो. बाईंनी पाणी घातलं की उरलेलं खाली ठिबकायचं आणि त्यावरून दोघींची कुरबुर चालायची. एका हंगामात वहिनीच्या पानांवर काळे ठिपके उमटले, भोवती पिवळी कडा. तिने पान दिरापुढे धरलं.

"वरून पाणी पडतं ना?" चिकटराव म्हणाले. "त्यातूनच उतरलाय. शिंतोड्यांबरोबर पसरतो हा रोग."

बोलणं शास्त्राला धरून होतं. फक्त वर जाऊन बाईंची झाडं एकदा बघावीत, एवढे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

वहिनीने बाईंना जिन्यातच गाठलं. "तुमच्या रोगट झाडांनी माझी झाडं खाल्ली. आमच्या भाऊजींनी सांगितलंय, त्यांचं कामच आहे ते."

चिकटराव तिथेच बुटाची नाडी बांधत होते. बाईंनी त्यांना विचारलं, "खरं का हो?" त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईंचे टोमॅटो लावलेले डबे रिकामे होते; झाडं त्यांनी उपटून टाकली होती. त्या वर्षानुवर्षं घरचंच बी धरायच्या. त्या वर्षी फळं हिरवीच होती, म्हणजे बीसुद्धा गेलं.

पुढे एकदा चिकटरावांनी वहिनीचं एक पान प्रयोगशाळेत नेलं, हौसेनं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून निळा दिवा लावला, तर लवेच्या मुळाशी हिरवा उजेड. ते बघतच राहिले. जंतू नेमके कुठे चिकटतात ते दिसावं म्हणून प्रयोगशाळेतल्या जंतूंना चमकायला लावलेलं होतं. बाहेरचा जंतू असा चमकत नाही. मग हे तिथवर गेले कसे? तेव्हा आठवली ॲप्रनच्या खिशातली कात्री. ठिपके दिसायच्या थोडं आधी ॲप्रन धुवायला घरी आणला होता, वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, जरा फुटवे छाटा," आणि त्यांनी त्याच कात्रीने ऐटीत छाटले होते. ॲप्रन बाहेर नेऊ नये, हे नव्या लोकांना तेच दरडावून सांगायचे.

त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झाडं आजच उपटा, पिशवीत बांधून इथे आणा. आणि मी सांगेपर्यंत जंतूंना हात लावायचा नाही." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येताना एक वाक्य तयार होतं: रोग फार वाढलाय वहिनी, झाडं काढून टाकू. कुणाला काही कळलं नसतं. स्वतःच्या दारापाशी पोचेपर्यंत ते वाक्य तोंडात होतं. मग ते दार मागे टाकून वर मास्तरीणबाईंकडे गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझी झाडं पाहिली होतीत?"

"नाही."

"मग मान कशाच्या जोरावर डोलावलीत?"

बाईंनी चपला पायात सरकवल्या.

"मला एकटीला सांगून काय उपयोग? मी दोषी ठरले ती जिन्यात. चला."

जिन्यात उभं राहून ते बोलले. कसंबसं.

"ऐकू येत नाही," बाई वर्गात म्हणतात तशा म्हणाल्या.

मग परत, मोठ्याने. रोग माझ्या कात्रीने आणला, बाईंची झाडं मी न बघताच नासकी ठरवली. एकेक दार उघडलं. वहिनीही हात पुसत बाहेर आली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. दिराकडे तिने पाहिलंच नाही.

"भाऊजी, पिशवी आणा."

झाडं तिने स्वतः उपटली. ते मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू द्या. तुमचा हात लागलाय तेवढा पुरे." मग मातीच्या हातांनीच जिन्यात आली. बाई अजून तिथेच होत्या.

"बाई, मी पण इथेच बोलले होते तुम्हाला."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि चांगलं मोठ्याने."

वहिनीने मान खाली घातली. दोघींच्या मधल्या पायरीवर चिकटराव पिशवीचं तोंड घट्ट धरून उभे होते. खाली जायचं तर वहिनीला बाजूला हो म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं बोलायलाही त्यांना तोंड नव्हतं.