अक्काची केळी आणि बोटीचं बेअरिंग

धुळ्याच्या दुकानात मी बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग मागितलं, तेव्हा धुळ्याला समुद्र कधी आला, असं दुकानदारानं विचारलं. मी सांगितलं, समुद्र नाही आला, पण बंधारा झाल्यापासून आमच्याकडे तापी बारा महिने भरलेली असते. तिच्यावर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बोट चालते आणि हल्ली ती मीच चालवते. हे ऐकून तो आणखीच हसला. मला हसणाऱ्यांचा राग फार लवकर येतो, पण गरज माझी होती, म्हणून गिळला. शेवटी त्यानंच ते मुंबईहून मागवून दिलं. बाहेरून पितळेची नळी, आत काळं रबर आणि त्या रबरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्हळी.

घाई होती ती अक्कासाठी. माझी ही थोरली बहीण पलीकडच्या काठावर दिलेली. दाजी वारल्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर केळी लावली होती, आणि बाईच्या हातची बाग कापणीला येत नसते, असं तिच्या दिरानं चारचौघांत ऐकवलं होतं. बाग आली, आणि बघत राहावं अशी आली. पण तिकडून पुलापर्यंतचा रस्ता इतका खराब, की ट्रॅक्टरमध्ये आदळून केळी काळी पडते आणि व्यापारी तिला हात लावत नाही. त्याचा ट्रक आमच्या काठावर येणार होता. केळी धड यायची तर बोटीतूनच, आणि बोट बेअरिंग झिजून काठावर पडलेली.

आबांनी आणि मी शाफ्ट ओढून काढला. जुनं बेअरिंग बोटीच्या बुडातल्या नळीत असं घट्ट बसलं होतं, की करवतीच्या पात्यानं आतून चीर पाडावी लागली, तेव्हा कुठे ते सुटलं. नवं बसवायला आबांनी मासेवालीकडून बर्फ आणवला आणि बेअरिंग बादलीत बर्फाखाली गाडून ठेवलं, म्हणजे पितळ आकसेल. मग लाकडी ठोकळा लावून हातोडीचे बेताचे ठोके. ते सरळ आत सरकलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

मग आबांनी ग्रीसचा डबा उघडला आणि सगळ्या पन्हळी बोटानं गच्च भरल्या. मी म्हटलं, इतकं कशाला?

"बिना ग्रीसनं कोनतं चाक फिरस, सांग माले?" आबा म्हणाले.

मलाही ते पटलं. आमचा जन्म विहिरीवरची इंजिनं आणि ट्रॅक्टर सांभाळण्यात गेलेला. फिरेल त्याला ग्रीस, हे आमच्या हाताला डोक्याच्या आधी कळतं.

बोट पाण्यात लोटली. काठापासून थोडी पुढे गेली आणि मागून किंचाळल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ रबर जळल्याचा वास. मी इंजिन लगेच बंद केलं. लोकांनी दोर लावून बोट परत ओढली. त्यातल्या एकानं भंगारवाल्याची आठवण काढली, त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आबा ग्रीसनं माखलेले हात फडक्याला पुसत राहिले, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रागानं पाय आपटत फिरताना जुनं बेअरिंग पायाला लागलं. फेकून द्यावं म्हणून उचललं आणि थांबले. त्याच्या पन्हळींत बारीक वाळू होती, वाळलेला गाळ होता. ग्रीसचा डाग मात्र कुठेच नव्हता. मग बोटीच्या त्या नळीत ग्रीस भरायला कुठे तोंड आहे का, ते बघितलं. तेही नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं नदीच त्यातून वाहत होती, आणि शाफ्ट त्या पाण्यावरच फिरत होता. आम्ही तिची वाट बुजवून ठेवली होती.

"आबा, याले ग्रीस नको. याले पानी पाहिजे."

आबांनी ते बेअरिंग डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि घरातून धुण्याचा साबण आणायला स्वतःच उठले. शाफ्ट पुन्हा ओढून काढला, तर नव्या बेअरिंगचं नशीब चांगलं, रबर शाबूत होतं. एकेक पन्हळ आम्ही फडक्यानं घासून काढली. शाफ्ट साबणाच्या पाण्यावरच आत सरकवला.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. "मजूर इचारी राह्यनात. घड कापू का नको?"

कापलेली केळी वाट बघत नाही. आणि बोट अजून काठावरच होती. मी आबांकडे बघितलं, त्यांनी होकाराची मान डोलावली.

"काप," मी म्हटलं.

बोट पाण्यात गेली. इंजिन सुरू केलं आणि मी कान मागे लावून बसले. पंख्यानं पाणी कापल्याचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नाही. मधल्या धारेत वेग वाढवला, तरी तेच. मी मोठ्यानं ओरडले, काय ते आता आठवत नाही. आबा हसत होते आणि डोळे पुसत होते.

संध्याकाळपर्यंत खेपा चालल्या. शेवटच्या खेपेला अक्का केळीच्या पाल्यावर रचलेल्या घडांमध्ये बसून आली, लग्नाच्या वरातीत असल्यासारखी ताठ. व्यापाऱ्यानं घड फिरवून फिरवून बघितले आणि एकही बाजूला काढला नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या दिराचा फोन आला. त्याचीही बाग कापणीला आली होती, बोट कधी मोकळी आहे असं विचारत होता.

"भाऊ, ते अक्काले इचारा," मी म्हटलं.