चपला बाहेर, सिग्नल आत

माझं कॉम्प्युटर सेंटर अक्कलकोट रस्त्याला आहे. एरवी तिथं क्लास चालतात. भरतीच्या ऑनलाइन परीक्षा असल्या की हॉल त्यांना देते आणि त्या दिवशी तो तिजोरीसारखा बंद ठेवते. मोबाईल, घड्याळ, ब्लूटूथ, काही म्हणजे काही आत जात नाही. चपलाही जात नाहीत. चपलांचा नियम परीक्षेचा नाही, माझा आहे. इथली धूळ संगणकांत गेली की पुसायला मलाच बसावं लागतं.

मे महिन्यातल्या एका परीक्षेला बाहेरून निरीक्षक आले होते. दारावरची पाटी वाचून म्हणाले, "मॅडम, हे सेंटर आहे की देऊळ?"

"देवळात एसी नसतो," मी म्हणाले. "बूट काढा."

निरीक्षकांना सूट असते असं सांगून ते बुटांसकट आत गेले.

पेपर सुरू झाल्यावर ते सिग्नल पकडणारं यंत्र घेऊन रांगांमधून फिरू लागले. जवळपास मोबाईल चालू असला की या यंत्राचे दिवे एकेक करत लाल होत जातात. सगळ्या हॉलभर ते गप्प राहिलं. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसलेल्या एका मुलीपाशी मात्र सगळे दिवे पेटले.

तिला उठवून शेजारच्या खोलीत आणलं. झडती मीच घेतली. ओढणी, वेणी, कान, गळ्यातला ताईत, कुडत्याच्या शिवणी. काही सापडलं नाही.

"काय बी न्हाय वो मॅडम माज्याकडं," ती म्हणाली. मंगळवेढ्याकडची होती, पहाटेच्या एसटीनं आलेली. "वयात बसनारी ही शेवटची भरती हाय माजी. आता उटवलं तर मंग घरीच बसायचं की."

निरीक्षक दाराबाहेरून म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. हिचा पेपर बंद करा, मी अहवाल लिहितो."

तो अहवाल वर गेला असता, तर ती भरतीही गेली असती आणि नावावर कॉपीचा डागही लागला असता. मुलगी रडत नव्हती. ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. मला रडणाऱ्यांपेक्षा अशी माणसं बरी वाटतात, त्यांच्याबरोबर काम करता येतं.

"यंत्र जागा दाखवतं, माणूस नाही," मी म्हणाले. "हिला पुढच्या रांगेत दुसऱ्या संगणकावर बसवते. सिग्नल हिच्याबरोबर गेला, तर अहवालावर पहिली सही माझी."

"आणि नाही गेला तर?"

"तर अहवाल खुर्चीवर लिहा."

जागा बदलताना पेपरचं घड्याळ थांबतं आणि नव्या संगणकावर तिथूनच पुढे चालू होतं. त्यामुळे तिचा वेळ गेला नाही. ती बसली, पेपर उघडला. तिच्याजवळ यंत्र गप्प. रिकाम्या खुर्चीपाशी नेलं तर पुन्हा लाल! दिवे चढत, उतरत, परत चढत होते. जवळपास कुठेतरी फोनवर बोलणं चालू असावं. खुर्ची उलटी करून पाहिली, संगणकामागे हात घातला. मग यंत्र भिंतीला टेकवलं, तसे दिवे आणखी वर गेले.

ती भिंत प्लायवूडची आहे. पलीकडे पॅसेज, आणि पॅसेजमध्ये त्याच भिंतीला लागून माझं चपलांचं रॅक.

मी पॅसेजमध्ये गेले. यंत्र रॅकवरून फिरवलं आणि एका नव्याकोऱ्या, जाड तळाच्या पुरुषी चपलेवर थांबले. उचलली तर भलतीच जड. टाचेकडचा थर उचकटल्यावर आत बॅटरी, वायरी आणि मोबाईलच्या पोटातली सर्किटची पट्टी दिसली.

निरीक्षकांनी चप्पल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. डाव मला लगेच कळला. फोन पायात, बारकं बटण कानात, बाहेरून कुणी उत्तरं सांगणार. पण चप्पल विकणाऱ्याला चपला काढायला लावणारं सेंटर ठाऊक नव्हतं. चप्पल काढायला नकार दिला असता, तर पठ्ठ्या दारातच सापडला असता. आता कान आत होता, फोन रॅकवर होता, आणि तिकडचा मदतनीस माझ्या प्लायवूडला उत्तरं सांगत होता.

पोलिसांना बोलावून फाटकाबाहेर थांबवलं. वॉचमनमामांना रॅकजवळ स्टुलावर बसवलं आणि ती जोडी त्यांच्या मांडीवर दिली.

पेपर सुटला. सगळ्यांनी आपापल्या चपला घातल्या. एक पोरगा मात्र खाली न बघता अनवाणीच फाटकाकडे निघाला. मे महिन्यात, भर दुपारी, डांबरावर.

"ओ सायेब, ही तुमची का?" मामांनी विचारलं.

"न्हाय, न्हाय."

"मग तुमची कुटली?"

"मी... तसाच आलतो."

"आनवानी? अक्कलकोटला पायी निगालाव का काय?"

पोलिसांनी हसतच त्याचा दंड धरला. कानातलं बटण इतकं आत गेलं होतं की काढायला डॉक्टरकडे न्यावं लागलं, असं नंतर कळलं.

ती मुलगी शेवटी बाहेर आली. पेपर पुरा झाला, वर तपासूनही झाला म्हणाली. निरीक्षकांनी तिला शुभेच्छा दिल्या.

ती सँडलचा पट्टा लावत म्हणाली, "सायेब, यंत्र खोटं बोलत न्हाय म्हनत हुता की."

"नाहीच बोललं," मी म्हणाले. "तुझी एसटी चुकेल, पळ."

ती पळाली. दुपारच्या पेपरला निरीक्षकांनी कुणी न सांगता बूट काढून रॅकवर ठेवले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सकाळची सूट कशाची होती, ते मला तेव्हा कळलं.